खांबाखालचा माणूस

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझं शेवटचं पोस्टिंग सोलापूरच्या भरती कार्यालयात झालं. मी सैन्याच्या सिग्नल्सचा, म्हणजे संदेशवहनाचा, हवालदार. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सकाळी पोरांच्या छात्या मोजायच्या, दुपारी कागद रंगवायचे. सुखाची नोकरी होती. मग आवारातल्या विश्रामगृहाला कुणीतरी टीव्ही भेट दिला आणि ते सुख संपलं.

सोलापूरला तेव्हा स्वतःचं केंद्र नव्हतं. चित्र यायचं ते गुलबर्ग्याहून, शंभरएक किलोमीटरवरून, तेही संध्याकाळी थोडा वेळ आणि बहुतेक कानडीत. साध्या अँटेनाला पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत. म्हणून उंच खांब, टोकाला अँटेना आणि तिच्याखाली बूस्टर, म्हणजे अशक्त सिग्नल वाढवून खाली पाठवणारी डबी. तिला लागणारी वीज टीव्हीजवळच्या पॉवर-बॉक्समधून त्याच केबलने वर जाते.

मेजरसाहेबांचा हुकूम एका ओळीचा होता. "शनिवारी माजी सैनिक येताहेत. चित्र दिसलं पाहिजे."

"दिसेल, सर," मी म्हणालो. पण चित्र म्हणजे खांब. सात वर्षांत मी खांबावर चढलो नव्हतो, कुणाला चढवलंही नव्हतं. कार्यालयात हे कुणाला ठाऊक नव्हतं. फौजी माणूस भितो हे लोकांना सांगूनही पटत नाही.

मदतीला रामय्या आला. शहराच्या पूर्व भागातला रेडिओ मेकॅनिक. घरात सगळे मागावर विणणारे, हा एकटा सोल्डरिंगवाला. चाळीस फुटी लोखंडी पाइप, त्याला चढायला वेल्डिंग केलेल्या पायऱ्या, तीन बाजूंनी ताणाच्या तारा. तारांच्या खुंट्या मी स्वतः ठोकल्या. तिथली काळी माती उन्हाने भेगाळली होती. खुंटी धरतेय असं वाटलं. मी दोनदा हलवून पाहिलं आणि पुढे गेलो.

शनिवारी सहा वाजता पंधरा-वीस म्हातारे सैनिक बाकांवर येऊन बसले. साडेसहाला प्रक्षेपण सुरू झालं. पडद्यावर मुंग्याच. बूस्टर लावला काय, बंद केला काय, फरक नाही. पॉवर-बॉक्सला हात लावला तर चटका बसला. मी त्याचा प्लग काढला. केबल सोडवून बॉक्स पुन्हा लावला, तर व्होल्टेज बरोबर. केबल जोडली की ते पडायचं. म्हणजे कुठेतरी शॉर्ट होता. केबल आम्ही सकाळीच तपासली होती. उरला वरचा जोड.

"केबलच्या बाहेरच्या जाळीचा एखादा केस आतल्या तारेला टेकला आसंल," रामय्या म्हणाला. "खांब आडवा करू या?"

"सहा माणसं आणि तासभर लागेल. तोवर कार्यक्रम संपेल."

"मग चढावंच लागतंय की."

मी उगीच केबल पुन्हा चाचपली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "फौजी असून भेता व्हय? ऱ्हाऊ द्या. मी चढतो, तुमी तार धरा."

प्लग काढून मी पॉवर-बॉक्सच उचलून बगलेत घेतला, म्हणजे आत कुणी उत्साहाच्या भरात तो लावायला नको. बाहेर येऊन बॉक्स पायाशी ठेवला आणि तार धरली. पहिल्या पायरीवर पाय ठेवून रामय्याने विचारलं, "धरलंय न्हवं?"

 नेमके हेच शब्द मी आधी एकदा ऐकले होते.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही पश्चिम सीमेवरच्या एका ठाण्यावर होतो. मी तेव्हा नाईक. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी खांबावरची वायरलेसची एरियल सुटली. मी सिग्नलमन भीमराव खांडेकरला वर पाठवलं. सांगोल्याकडचा पोरगा, मेंढरांमागे वाढलेला, वय तेवीस. आमच्यात नियम होता, की माणूस वर असेपर्यंत खालच्याने जागा सोडायची नाही. वरच्याचं सगळं लक्ष कामात असतं. तोफेचा आवाज आला की 'उतर' म्हणायचं ते खालच्याने.

"वस्ताद, धरलंय न्हवं?"

"धरलंय."

तेवढ्यात बंकरमधून हाक आली. "नाईक, फोनवर या." कंपनी कमांडर लाइनवर होते. मी खांबाची ताणाची तार सोडली आणि आत गेलो. "लाइन ओके, सर," एवढंच बोललो. चाळीस सेकंद. पहिला गोळा त्या चाळीस सेकंदांत पडला. त्यात भीमराव गेला.

"धरलंय," मी रामय्याला म्हणालो. तो चढू लागला. सहा-चाळीस झाले होते. वारा सुटला होता आणि तार हातात थरथरत होती. तो टोकाला पोचला, पकड काढली, जोड उघडला. माझा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

व्हरांड्यातून मेजरसाहेबांची हाक आली. "हवालदार, हेडक्वार्टरचा फोन आहे. आत या."

मी हललो नाही.

"हवालदार, ऐकू येतंय का?"

"येतंय, सर. जागा सोडता येत नाही."

 बावीस वर्षांच्या नोकरीत मी असं उत्तर कधी दिलं नव्हतं. साहेब पायऱ्या उतरायला लागले आणि तेव्हाच माझ्या मागची माती हलली. खुंटी भेगेतून सुळकन वर आली. खांब पलीकडे कलला.

मी तारेवर अंग टाकलं. तळहात फाटला. "रामय्या, उतर."

"जोड ऱ्हायलाय, साहेब."

"उतर. ऑर्डर आहे."

तो उतरेपर्यंत मेजरसाहेबही माझ्या मागे तार धरून उभे होते. फोन तसाच पडून राहिला. रामय्या जमिनीवर आला आणि त्यानेही तार धरली. त्या संध्याकाळी चित्र दिसलं नाही. सोमवारी आम्ही खांब आडवा केला, जोड दुरुस्त केला आणि लांब खुंट्या मुरमात ठोकून तो पुन्हा उभा केला, तेव्हा दिसलं. कानडीत, पण स्वच्छ.

रविवारी मी सांगोल्याची एसटी धरली होती. सात वर्षं टाळलेला रस्ता. भीमरावची आई वस्तीवर होती. हाताला पट्टी पाहून तिने काय झालं विचारलं. मी खांबाचं सांगितलं, आणि थांबता आलं नाही म्हणून भीमरावचंही सांगितलं. फोनचं, चाळीस सेकंदांचं, सगळं.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग मला ज्याची सात वर्षं भीती होती तेच तिने विचारलं.

"माजं लेकरू वरनं काय म्हणलं का?"

शेजारच्या खंदकातल्या जवानाने ते मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"तोफेचा आवाज ऐकून त्यानं परत विचारलं, वस्ताद, धरलंय न्हवं?"

"आन् तू?"

"मी आत होतो, आई. ओ दिली नाही."

तिने माझा पट्टीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.  मग म्हणाली, "आता ओ दे."

मी त्या दारात, भर दुपारी, मोठ्याने म्हणालो, "धरलंय, भीमराव."