मायची टाकी

कापसानं सगळ्यांना रडवलं त्याच वर्षी आमच्या घरी संडास झाला, कळंबजवळच्या गावात. यवतमाळहून आलेल्या मिस्त्रीचाचांनी मागच्या अंगणात दोन कप्प्यांची टाकी बांधली, बाजूला शोषखड्डा खणला. वेचणी करकरून मायचे गुडघे गेले होते. संडास तिच्यासाठीच, आम्ही सगळे वापरायचो, आणि तीच त्यात जाईना!

"टाकी भरून जाईन नं. पाव्हण्यायले राहू द्या. मले वावर हाये की."

दोन वर्षं हेच. मी भांडले, अबोला धरला, बाबांना बोलायला लावलं. माय ऐकेल तर शपथ! बरं, वावरात जायचं तर अंधार पडल्यावरच. ते टळावं म्हणून ही बाई दुपारनंतर पाणीच पीत नव्हती, हे ती वेचताना चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर किडन्या जातील.

दुसऱ्याच दिवशी मी चाचांना घेऊन आले.

"मावशी, टाकी म्हंजे रांजण नोहे भरायले," ते म्हणाले. "जाड असते ते खाली बसते, त्याले बारीक जंतू खातेत. पाणी दुसऱ्या कप्प्यातून खड्ड्यात जाते, जमिनीत जिरते. फक्त अ‍ॅसिड ओतू नका, जंतू मरतीन. राह्यलेला गाळ काही सालानं उपसायचा, बस."

"मले तं काही दिसत नाही," माय म्हणाली.

चाचांनी बाबांचं जुनं धोतर मागितलं आणि फाडून लांब बांबूला गुंडाळलं. आम्हाला दूर उभं केलं, झाकण सरकवलं, आतली हवा बराच वेळ जाऊ दिली. मग बांबू तळाला टेकवून वर काढला. खालचं फडकं काळं झालं होतं, जेमतेम वीतभर. वरचं नुसतं ओलं.

माय वीत लावून बघायला धावली. चाचा ओरडले, "हात नका लावू, मावशी!"

"दोन सालाचं एवढंच?"

"एवढंच."

तिनं तोंडाला पदर लावला. "अन् मी येडी तहान मारून राह्यली!"

मला तिच्यावर चिडायचं होतं. रडूच आलं.

त्या संध्याकाळी ती दारात बसली आणि तांब्या तोंडाला लावला. अर्ध्यावर थांबून माझ्याकडे पाहिलं.

"पेऊन राह्यली नं मी, पाहत काय बसली?" म्हणाली, आणि उरलेलं पाणी संपवलं.