शेजारी कोण होतं

आमच्या संस्थेत तिला सगळे ‘काटा’ म्हणायचे. तराजूचा काटा. दारोदार फिरून लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं फॉर्मवर भरायची, हे आम्हा दोघींचं काम. पण समोरच्याच्या तोंडून निघालं तेवढंच ती लिहायची, रतीभर जास्त नाही की कमी नाही. मी आपली अंदाजपंचे दोन-चार खुणा ठोकून मोकळी होणारी. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून माझं पानही हलायचं नाही.

सर, म्हणजे आमचे प्रमुख, प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी तेच व्याख्यान द्यायचे. समाजशास्त्र हे खरंखुरं शास्त्र आहे. डॉक्टरांचा जसा थर्मामीटर, तसा आपला फॉर्म. प्रश्न तेच, क्रम तोच, दर नववं दार. मग कोणीही मोजलं तरी आकडा तोच यायला हवा. सगळे मुकाट माना डोलवायचे. काट्यानं एकदा हात वर केला.

“सर, शेजारी सासू बसली म्हणून ताप काही उतरत नाही. आमची उत्तरं मात्र बदलतात.”

वर्गात खसखस पिकली. सर हसले नाहीत. “मग शेजारी कोण होतं तेही लिहा,” म्हणाले. “किती बदलतात ते मोजू.”

फॉर्मच्या शेवटी एक रकाना वाढला: ‘उत्तर देताना शेजारी कोण होतं?’ आणि त्या रकान्यानं कमाल केली. चौदावा प्रश्न असा होता: ‘गेल्या वर्षभरात घरातल्या बाईच्या नोकरीबद्दलचा निर्णय कोणी घेतला?’ एकटी असताना विचारलं, तर दहातल्या चौघी म्हणायच्या, ‘मी स्वतः’. घरचं कोणी शेजारी असलं की नऊ जणी. गल्ली कोणतीही घ्या, आकडा तोच. दार उघडायच्या आधी उत्तर सांगता येतं, आता तरी याला शास्त्र म्हणाल की नाही, असं सर भर सभेत विचारू लागले. त्यांचं नाव झालं. उशिरा का होईना, त्यांनी काट्याची जाण ठेवली आणि मुख्य कार्यालयातली जागा तिला देऊ केली. दुसऱ्या शहरात, राहायला खोली, काम नव्या लोकांना शिकवायचं. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

ती हरखून गेली होती. पहिल्या दिवशी काय शिकवायचं ते तिनं कागदावर उतरवूनसुद्धा काढलं. “आधी दाराशी चपला बघायच्या,” तिनं मला वाचून दाखवलं. “किती जोड आहेत त्यावरून आत कोण कोण आहे ते कळतं.” चाळिशीची बाई, पण तेव्हा शाळकरी पोरीसारखी दिसत होती.

मंगळवारी नवी यादी आली आणि नववं दार नेमकं तिचंच निघालं. पत्ता बदलायचा नाही हा नियम, स्वतःचं घर स्वतः भरायचं नाही हाही नियम. काम माझ्या गळ्यात पडलं.

“मजा येईल,” मी म्हटलं.

“गुरुवारी ये,” ती म्हणाली आणि पहिल्या दिवशी काय शिकवायचं तो कागद तिनं खणात टाकला.

गुरुवारी संध्याकाळी गेले. दाराशी चपलांचे तीन जोड. नवरा चष्म्यांच्या दुकानात काचा घासतो. स्वभावानं मऊ माणूस. सासूबाईंनी माझ्या पाठीशी उशी सरकवली. मुलाखतीच्या वेळी घरच्यांना बाहेर जायला सांगायचं नाही, असाही आमचा एक नियम आहे. तो ज्यानं केला त्याचं तळपट होवो, असं मला त्या खोलीत वाटलं.

तेरा प्रश्न सुरळीत झाले. चौदावा वाचला.

“हिचाच निर्णय, दुसऱ्या कोणाचा?” नवरा हसत म्हणाला. “परगावच्या जागेचं निघालं तेव्हा मी म्हटलं, तुझं तू ठरव. पण हिलाच करमायचं नाही आमच्याशिवाय.”

“मी तरी कुठे नको म्हटलं?” सासूबाई म्हणाल्या. “म्हटलं, खुशाल जा. माझं काय, पडून राहीन एका कोपऱ्यात.”

मी तिच्याकडे बघितलं. “ताई, उत्तर तुम्ही द्यायचंय.”

“मी स्वतः,” ती म्हणाली. “उद्या नकाराचं पत्र देणार आहे.”

तिला हाताला धरून जिन्यात न्यावं आणि पुन्हा विचारावं, असं फार वाटलं. पण मिळालेलं उत्तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हे तिनंच मला शिकवलेलं. मी ‘स्वतः’वर खूण केली आणि फॉर्म पिशवीत टाकायला लागले.

तिनं माझं मनगट धरलं.

“शेवटचा रकाना राहिला तुझा.”

“त्यात काय विचारायचं? आम्हीच की,” नवरा म्हणाला.

मी लिहिलं: नवरा, सासू. लिहून होईपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही.

शुक्रवारी सरांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात तिचं पत्र होतं आणि कोपराखाली आमच्या फॉर्मांचा गठ्ठा. फॉर्मवर नाव नसतं, नुसता क्रमांक. कोणाच्या घरी काय उत्तर मिळालं ते कुठे बोलायचं नाही, अशी सही मी नोकरीला लागतानाच केली आहे.

“वाईट वाटलं,” सर म्हणाले, आणि खरंच वाटलं असावं. “पण निर्णय माझा स्वतःचा, असं स्पष्ट लिहिलंय तिनं. मग आपण काय बोलणार?”

माझं डोकं फिरलं.

“सर, हे लिहिताना तिच्या शेजारी कोण होतं?”

त्यांनी पत्र खाली ठेवलं. पुन्हा उचललं आणि उलटून मागची बाजू बघितली. मागे काही नव्हतं.

“पत्राला तो रकाना नसतो,” ते म्हणाले आणि पत्र त्यांनी फाइलला लावलं.