एका घराला एकच वकील

आमच्या घरातून दोघं कॉलेजात जाणं शक्यच नव्हतं. आई लातूरच्या एका डाळमिलमध्ये तूर निवडायची. संध्याकाळी परतायची तेव्हा भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर पिवळी पूड बसलेली असायची, आणि खोकला तर कायमचाच. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात हमाल. पोत्यांनी त्यांचा मणका गेला आणि ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी नववीत होते आणि दादा बारावीत. दादानं परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही. वडिलांचा पोती उचलायचा आकडा खुंटीवरून काढला आणि जाऊन मोंढ्यात उभा राहिला.

आईनं विचारलं तर म्हणाला, "माझं डोकं चालंना गं अभ्यासात. हिचं चालतंय, हिला शिकू दे."

गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं यायचं. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तरी मी पुढच्या जूनमध्ये नवीन दप्तर घेऊन शाळेत गेले.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आणि आमच्या गल्लीतली पहिली वकील. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. आता नांदेडला वकिली करते. फौजदारी अपिलं हे माझं मुख्य काम. खालच्या कोर्टानं शिक्षा दिली की वरच्या कोर्टात जाऊन म्हणायचं, हा माणूस दोषी नाही. नाहीतर म्हणायचं, दोषी असला तरी शिक्षा जास्त झाली. "गुन्हेगारांची बाजू कशी घेता?" असं लोक मला लग्नाच्या पंगतीत विचारतात. मी सांगते, सगळे गुन्हेगार असते तर माझं काम फार सोपं झालं असतं.

भोकरकडच्या दोन भावांची केस माझ्याकडे आली ती अशीच. बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं. चुलतभावाच्या खांद्यावर आणि मानेवर कुऱ्हाडीचा घाव बसला. तो वाचला, पण एक हात कायमचा लुळा पडला. फिर्याद दिली ती दोन्ही भावांवर. आमच्याकडं हे नेहमीचंच आहे. भांडण एकाशी झालं तरी फिर्यादीत घरातले सगळे कर्ते पुरुष घालायचे, म्हणजे जामिनासाठी धावायला मागं कुणी उरत नाही. खालच्या कोर्टानं खुनाचा प्रयत्न धरून दोघांनाही सात-सात वर्षं दिली. दोघं आत होते, म्हणून माझ्याकडं त्यांच्या बायका आल्या, दोघी जावा एकाच रिक्षातून.

बोलत होती ती थोरली. धाकटी पदर तोंडाला लावून खाली बघत बसलेली.

"मॅडम, दोघांचं बी तुम्हीच बघा. आधीच्या वकिलानं काईच केलं न्हाई."

त्यांनी आधी पाठवलेल्या कागदांतली सगळी साक्ष मी वाचली होती. त्या वकिलानं केलं होतं, आणि जे केलं तेच वाईट होतं. दोघांचा वकील एक, म्हणून बचावही एक. सगळं घर त्या दिवशी औशाला लग्नाला गेलं होतं, असं त्यानं कोर्टाला सांगितलं. लग्नाचा एकही साक्षीदार उलटतपासणीत टिकला नाही. कोर्टानं ते खोटं धरलं आणि दोघांनाही एकाच मापानं मोजलं.

"लग्न खरंच होतं का?" मी विचारलं.

थोरलीनं खिडकीकडं बघितलं. धाकटी पहिल्यांदा बोलली.

"लग्न बिग्न काई न्हवतं. आमचे हे शेतातली हळद शिजवायला गेलते, दुसऱ्या गावात. दिवसभर त्या वाफेच्या मोठ्या कुकरपाशी व्हते. गडी व्हते संगं, सगळ्यांनी बघितलंय."

"मग हे कोर्टात का नाही सांगितलं?"

"आन् मोठ्या भाऊजींचं काय सांगायचं?" ती म्हणाली. "हे तिकडं व्हते म्हणलं, की मग इकडं कोण व्हतं, ते इचारलं असतं की."

मला सगळं कळलं. थोरल्याला वाचवायला घरानं जे खोटं रचलं, त्याच्याखाली धाकट्याचं खरं दडपून गेलं. कितीही हुशार वकील असता तरी दोघांना एकाच वेळी वाचवू शकला नसता. मी त्यांना सांगितलं, मी एकाचीच केस घेऊ शकते. धाकट्याची. थोरल्याला दुसरा वकील बघा.

थोरली उठून उभीच राहिली. "वकील येगळा म्हंजे चूल येगळी, मॅडम. आमच्या घरात अजून एकच चूल हाय. तुम्ही घर फोडून राहिल्या."

तिचं चुकत नव्हतं. मी तेच करत होते.

चार दिवसांनी तुरुंगात धाकट्याला भेटायला गेले. तिशीचा असेल, हातावर हळदीच्या वाफेनं पोळल्याचे जुने डाग. मी त्याला समजावलं. जखमी चुलतभावानं साक्षीत घाव कुणी घातला म्हणून थोरल्याचंच नाव घेतलं होतं. धाकट्याबद्दल म्हणाला, तो काठी घेऊन उभा होता. पण जखमीच्या अंगावर काठीचा एकही वळ डॉक्टरला सापडला नव्हता. आता हळदीची गोष्ट काढली तर कोर्ट म्हणेल, मग तेव्हा लग्न का सांगितलं? म्हणून रस्ता एकच. चुलतभाऊ थोरल्याबद्दल खरं बोलतो, धाकट्याचं नाव त्यानं वाढवून घातलं, असं म्हणायचं.

"म्हंजे दादानं मारलं, असं माझ्याच तोंडून म्हणायचं?"

"तुमच्या तोंडून नाही. माझ्या."

"एकच की ते. न्हाई मॅडम. त्यानं मला बापावानी वाढवलं. त्याला आत ठिऊन मी भायेर कशाला जाऊ?"

इथं मी जे बोलले ते मला अजून छळतं. कायद्यातलं नव्हतं ते. मी म्हणाले, "मलाही थोरला भाऊ आहे. त्यानं शाळा सोडली म्हणून मी वकील झाले. थोरल्यांना ते जड जात नाही. धाकटं मार्गी लागलं की त्यांना बरंच वाटतं. तुमच्या दादालाही वाटेल."

तो म्हणाला, "तुमचा दादा तसं बोलला?"

"हो," मी म्हणाले.

दादा तसं कधीच बोलला नव्हता. धाकट्यानं वकालतनाम्यावर सही केली.

त्या रविवारी लातूरला गेले. जेवताना दादाला हे सगळं सांगितलं, थोडं फुशारकीनंच. तो भाकरी मोडत होता, तो थांबला.

"माझं नाव सांगून सही घेतलीस व्हय? वा, वकीलीणबाई."

"चुकीचं काय बोलले?"

"मला जड गेलं न्हाई, हे तुला कोण बोललं?" त्यानं कालवणात भाकरी बुडवली. "लई जड गेलं. पोरं कॉलेजला जायची तवा मोंढ्यातनं पोत्याआडून बघायचो. पण तू इचारलंस कवा?" मग वहिनीकडं ताट सरकवून म्हणाला, "वाढ थोडं. हिला बी वाढ, नांदेडात काय खाती कुणास ठाऊक."

मग दादा पोटभर जेवला.

मी परत तुरुंगात जाऊन धाकट्याला सांगायला हवं होतं की मी खोटं बोलले. सांगितलं असतं तर त्यानं सही मागं घेतली असती, आणि जिथं तो नव्हताच तिथल्या गुन्ह्यासाठी सात वर्षं काढली असती. मी गेले नाही. हा निर्णय बरोबर होता, असं मला आजही वाटतं, आणि तरी त्याची लाज वाटायची थांबत नाही.

सुनावणीला दोघा भावांना एकाच गाडीतून आणलं. मी उभी राहिले आणि इंग्रजीतून म्हणाले, जखमी साक्षीदार घाव घालणाऱ्याबद्दल सुरुवातीपासून एकच सांगतो आहे, त्यावर अविश्वास ठेवायचं कारण नाही. पण दुसऱ्या आरोपीच्या हातातल्या काठीचा मागमूस जखमांवर कुठंच नाही. पाठीमागं थोरला ऐकत होता. त्याला इंग्रजी समजत नव्हतं, पण माझं बोट कुठं वळलं ते त्यानं बघितलं. धाकट्यानं सगळा वेळ मान वर केली नाही.

थोरल्याच्या वकिलाकडं मग निर्दोष म्हणायला जागाच उरली नाही. ते म्हातारे गृहस्थ फक्त शिक्षेवर बोलले. घाव एकच, भांडण अचानकचं, आधीचा एकही गुन्हा नाही, मागं दोन मुली. चांगलं बोलले. मी मनातून त्यांच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते, आणि उठून साथ द्यायचा मला अधिकार नव्हता.

निकालाच्या दिवशी पोलीस दोघांना बाहेर नेत असताना थोरला व्हरांड्यात माझ्यापाशी थांबला.

"मॅडम, तुम्ही तसं बोलल्या नसत्या तर मी सुटलो असतो का?"

खोटं बोलायची सोय परत एकदा समोर होती.

"सांगता येत नाही," मी म्हणाले. "थोडी आशा होती. ती मी घालवली."

त्यानं मान हलवली. धाकटा माझ्याकडं नाही, त्याच्याकडं बघत होता. थोरल्याची बायको खांबाला टेकून उभी होती, तिनं तोंड फिरवलं. मी फाईल काखेत धरून तिथंच थांबले, कारण निघून जाणं मला जमेना.

धाकटा निर्दोष सुटला. थोरल्याची शिक्षा सात वर्षांची चार वर्षं झाली.