बंद प्रिंटर आणि बाहीवरचा तुरा

प्रिंटरने घरघर केली, कागद आत ओढलाच नाही आणि लाल दिवा लुकलुकू लागला. पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा तेच. लग्न तीन दिवसांवर होतं आणि नवरीच्या ब्लाऊजचं कापड माझ्या बायकोने चौकटीवर ताणून ठेवलं होतं.

देवळाली प्रवरातल्या आमच्या घरात हा प्रिंटर आला तो माझ्या बातम्यांसाठी. नोकरी संपल्यावर तो बायकोच्या कामाचा झाला. ती ब्लाऊजवर आरीवर्क करते, म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेल्या लाकडी मुठीच्या सुईने जर आणि मणी भरते. नक्षी ती आधी लहान आकारात हाताने काढते. मग प्रिंटरच्याच काचेवर ठेवून स्कॅन करते आणि बाहीच्या मापाएवढी मोठी करून छापते. हाताने मोठी करायला गेलं की रेषा बिघडतात, असा तिचा अनुभव आहे.

नवरीचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. आमच्या भागातल्या नवरीमुलींचे ब्लाऊज श्रीरामपूरहून यायचे, मोर नाहीतर कमळ असलेले. शेजारच्या मळ्यातल्या या मुलीसाठी बायकोने उसाचा तुरा काढला. बाहीच्या काठापासून पाती वर जातात आणि दंडावर तुरा फुटतो. मुलीने कच्चा कागद पाहिला आणि हाच हवा म्हणाली.

माझ्या आईला ते पटलं नव्हतं. "तुरा आला म्हंजी उसाचं वजन घटलं. नवरीच्या दंडावं तुरा कोन काढतं?"

"आत्याबाई, वजन घटलं तर नवरीला पाहिजेच हाय," बायको म्हणाली.

आता तो तुरा संगणकात अडकला होता. पेनड्राइव्ह घेऊन बाजारातल्या दुकानात जाणं सोपं होतं. बायकोने ते नाकारलं. तिची आधीची एक नक्षी अशीच बाहेर छापली होती. ती दुकानाच्या संगणकावर राहिली आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या दोघी तीच नक्षी भरून विकू लागल्या. "लग्नातच दुसऱ्या कोनाच्या दंडावं हा तुरा दिसला तर मी त्या पोरीला काय तोंड दाखवू?"

मी एकेक शक्यता बाद करायला घेतली. वायर ठीक होती. संगणकात तेच काम अनेकदा पाठवलं गेल्याने रांग तुंबली होती, ती रिकामी केली. दोन्ही यंत्रं बंद करून सुरू केली. फरक पडला नाही. मग संगणक बाजूला ठेवला आणि प्रिंटरवरचं नुसत्या झेरॉक्सचं बटण दाबलं. तीही निघेना. म्हणजे दोष प्रिंटरमध्येच होता.

श्रीरामपूरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"काका, मॉडेल जुनं झालं. पार्ट मिळत नाहीत. नवीन घ्या, बसवायला मी स्वतः येतो."

"आत काही अडकलं असेल का?"

"काय बी असंल. मागं एकाच्यातून पाल निघाली."

बायकोने फोनवरचं सगळं ऐकलं. "पाल असली तरी काढू," ती म्हणाली.

या प्रिंटरला कागद मागच्या बाजूने, वरून घालायचा असतो. त्या फटीत टॉर्च मारला. खाली रबरी रोलरपाशी झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या होत्या, आणि कुंकू लागलेले तांदूळ. दसऱ्याला शिलाई मशीन, विळा, खुरपं आणि प्रिंटर एका ओळीत मांडून आईने पूजा केली होती. दिवाळीत बायको हातातली जुनी कामं उरकत होती, त्यामुळे तेव्हापासून प्रिंटरवर काहीच छापलं नव्हतं.

"आई, अक्षता कुठं टाकल्या होत्या?"

"कुठं म्हंजी? त्याच्या डोक्यावं. फट हाय की तिथं, देवाच्या तोंडावानी."

"मूठभर?"

"मग काय मोजून टाकायच्या व्हय रं?"

प्रिंटर उलटा करता येत नव्हता, टाकीतली शाई सांडली असती. चिमटा खालपर्यंत पोचेना. बायको उठली आणि आरीची सुई घेऊन आली. प्लग काढला. मी टॉर्च धरला. पाकळ्या आकड्यात अडकून लगेच वर आल्या. तांदळाचा दाणा आकड्यात बसत नाही. प्रत्येक दाणा तिने सुईने हलकेच कडेला सरकवला आणि भिंतीला टेकवून वर घेतला. रबराला एकही ओरखडा पडला नाही. कुंकवाने रोलर गुळगुळीत झाला होता, म्हणून कागद घसरत होता. ओल्या फडक्याने तोही पुसला.

"हळू गं," आई म्हणत होती. "परसाद हाय तो."

कागद आत गेला. पहिल्या पानावर तुरा पट्ट्यापट्ट्यांनी तुटका आला, शाई नळ्यांच्या तोंडाशी सुकली होती. प्रिंटरमधली सफाईची सोय दोनदा चालवली. पुढचं पान स्वच्छ आलं. बायकोने टेप लावला, माप बाहीला बरोबर होतं. वर्तमानपत्रात माझा मजकूर पुष्कळ छापून आला. त्यातलं एकही पान यंत्रातून बाहेर येताना मी असं उभं राहून पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी तिने कागदाला टाचणीने भोकं पाडून, वरून खडूची पूड चोळून नक्षी कापडावर उतरवली आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाऊज पोचवला.

मांडवात आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतहून आलेल्या एका पाहुणीने नवरीचा दंड धरून बाही निरखली. "कुठल्या दुकानातली डिझाईन हाय?"

नवरी बोलायच्या आत आमची आई पुढे झाली. "दुकानातली न्हाई. आमच्या सूनबाईनं काढली. सगळ्या तालुक्यात एकच हाय."

"मग मला बी काढून द्या अशीच. फाल्गुनात पोरीचं लगीन हाय."

"ही हिची झाली," बायको म्हणाली. "तुमच्याकडं रानात काय असतं?"

"आमच्याकडं? ज्वारी."

"मग तुमच्या पोरीला कणीस काढते."

पाहुणीने लेकीला हाक मारून बोलावलं आणि मांडवातच तिच्या बाहीचं माप द्यायला उभं केलं.