अण्णांनी ओढा साफ केला

आज सकाळी मागचं दार उघडलं आणि तो वास आला. कुजलेली मेपलची पानं, ओला चिखल आणि त्यात मिसळलेला मेलेल्या माशांचा दर्प. अमेरिकेतल्या या बेलव्ह्यूत नव्याने आलेली आपली माणसं या दिवसांत नाकाला रुमाल लावतात आणि 'काउंटीचं सरकार एवढा टॅक्स घेतं, मग हे उचलायला काय होतं?' असं तावातावानं विचारतात. मला कुठलं तोंड आहे बोलायला! सॅमन मासे समुद्रातून प्रवाहाच्या उलट चढत आमच्या घरामागच्या या हातभर ओढ्यात येतात, अंडी घालतात आणि इथेच मरतात, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. त्या वर्षी ठाऊक नव्हतं.

दोन हजार चारची गोष्ट असावी. माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. पाणी सोडायच्या आधी कालव्यातला गाळ उपसायचा, झाडझाडोरा काढायचा, नाहीतर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही, हा त्यांचा धर्म. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी तुंबलेलं पाणी दिसलं की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. इथे आल्यावर त्यांना करमेना. आम्ही दोघं सकाळी ऑफिसला जायचो, आणि 'इथे माणूस दिसत नाही गं, नुसत्या गाड्या' असं म्हणत ते खिडकीशी बसून राहायचे. मग एक दिवस त्यांना मागच्या फाटकापलीकडचा ओढा सापडला. काय दशा होती त्याची! मुळांसकट आडवी पडलेली झाडं, फांद्यांचे भारे, मध्येच खडीचे उंचवटे आणि काठाला सडणारे मासे. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा अण्णा संतापून येरझाऱ्या घालत होते. "अगं, चंद्रावर माणूस पाठवणारा देश ना हा? यांना एक ओढा सांभाळता येत नाही?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी श्रमदान सुरू केलं. नवऱ्याचे रबरी बूट मीच काढून दिले. बागेतलं लोखंडी दाताळंही मीच दिलं, वर थर्मासमध्ये आल्याचा चहा. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं होतं. म्हातारा माणूस रमला, आणखी काय हवं! चार दिवस ते त्या थंडगार पाण्यात राबले. मोठे ओंडके हलेनात, ते जाडजूड केबलनी बांधलेले होते. का बांधले असतील, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही. हलण्यासारखं जे जे होतं ते त्यांनी काठावर ओढून काढलं. मेलेले मासे खड्ड्यात पुरले. खडीचे उंचवटे दाताळ्याने ओढून ओढून अगदी सपाट केले. शनिवारी मला हाताला धरून नेलं आणि म्हणाले, "बघ, आता कसं वाहतंय!" पाणी खरोखरच कालव्यासारखं सरळ, खळाळत चाललं होतं. मी कौतुकाने फोटो काढले. मैत्रिणींना फोन करून सांगितलं, आमच्या अण्णांनी अमेरिकेला धडा शिकवला.

रविवारी सकाळी ओढ्याकडून एक आर्त 'ओ नो, ओ नो' ऐकू आलं. मी आणि अण्णा धावत गेलो. पासष्टीच्या घरातली एक बाई पाण्यात उभी होती. गुडघ्याच्या वर बूट, अंगात काउंटीच्या स्वयंसेवकांचं जाकीट. तिने वाकून खडीत हात घातला आणि तळवा आमच्यासमोर उघडला. तळव्यावर मोत्यांएवढी अंडी होती. दोनतीन नारिंगी, बाकी सगळी पांढरीफटक पडलेली. पांढरी म्हणजे मेलेली, ती म्हणाली. मग ती तुटक तुटक बोलत गेली. खालच्या रस्त्याखालचा अरुंद पाइप माशांना चढू देत नव्हता, तो काउंटीने खणून काढून तिथे रुंद मोरी बांधली. हे ओंडके क्रेनने आणून मुद्दाम आडवे टाकले, पाणी संथ व्हावं, पिल्लांना आडोसा मिळावा म्हणून. मेलेले मासेसुद्धा ठेवायचेच असतात, त्यांच्यावरच पुढे ओढ्यातल्या किड्यांपासून पिल्लांपर्यंत सगळ्यांचं पोट चालतं. ते खडीचे उंचवटे म्हणजे मादीने शेपटीने खणून, अंडी घालून बुजवलेली घरटी. कित्येक वर्षांनी यंदा प्रथमच मासे या वळणापर्यंत पोचले होते. "घरोघरी पत्रक पाठवलं होतं आम्ही," ती म्हणाली. ते निळं पत्रक मला आठवलं. जंक मेल म्हणून मी ते न वाचताच फेकलं होतं.

"हू डिड धिस?" तिने विचारलं. तिला वाटत होतं, शाळकरी पोरांचा उपद्व्याप असेल. आणि माझ्या मनात काय आलं, सांगू? आमचा व्हिसा. ग्रीन कार्डची फाइल. अण्णांना पोलिसांनी नेलं तर? मी मराठीत हळूच म्हटलं, "अण्णा, काही बोलू नका." त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी जागच्या जागी मेले. ते काठावरून दोन पावलं पुढे झाले. अर्ज लिहिण्यापुरतंच येणाऱ्या इंग्रजीत, एकेक शब्द शोधत म्हणाले, "मॅडम, आय हॅव डन. आय थॉट इट इज डर्टी." ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. मटकन काठावर बसली आणि तोंडावर हात धरून रडायला लागली. अण्णा तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. आयुष्यभर पाणी पोचवणारा माणूस, त्याच्या हातून हे व्हावं! मला तर ते दाताळं कुठे लपवू असं झालं.

पोलीस वगैरे कुणी आलं नाही. पुढचे आठ दिवस अण्णा त्या बाईच्या हाताखाली, ती दाखवेल तिथे, काढलेल्या फांद्या परत पाण्यात टाकत होते. मात्र खडीत पाय घालायला तिने त्यांना मनाई केली. जानेवारीत ते परत गेले. विमानतळावर मला एवढंच म्हणाले, "मार्चमध्ये पिल्लं वर येतात म्हणे. बघ आणि कळव."

मार्चमध्ये मी रोज गेले. ओढ्याच्या खालच्या अंगाला, जिथे अण्णा पोचले नव्हते, तिथे सुईएवढी पिल्लं चमकताना दिसायची. आमच्या वळणावर एकही दिसलं नाही. एका रविवारी फोनवर त्यांनी विचारलं, "आली का गं?" मी म्हटलं, "आली, अण्णा. खूप आली." मग त्यांनी विचारलं, "त्या वळणावर?"

"हो," मी म्हणाले.

"बरं झालं," म्हणाले, आणि पुण्यातल्या उकाड्याबद्दल बोलायला लागले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. तीनचार वर्षांत त्या वळणावर पुन्हा मासे आले, घरटी झाली, पिल्लंही झाली. ते मी त्यांना आनंदाने कळवायला हवं होतं. पण कळवलं असतं, तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. खोटेपणाची मला लाज होती आणि त्या लाजेपायी खरी बातमीही तशीच राहून गेली. ओढ्याने आमची चूक केव्हाच पोटात घातली. माझं खोटं मात्र अण्णांनी ओळखलं होतं की नाही, हे विचारायला आता अण्णा नाहीत.