‘ओले बूट’चा आंद्रिस

इल्झेचा फोन आला तेव्हा मी एजवेअर स्टेशनच्या बाहेर बसची वाट बघत उभी होते. इल्झे म्हणजे आंद्रिसची मुलगी, एडिनबरात नर्स आहे. “पप्पा आज सकाळी उठलेच नाहीत,” एवढंच ती म्हणाली. माझी बस आली, दारं उघडली, ड्रायव्हरनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बस निघून गेली. मी फोन कानाला धरून तशीच उभी. त्याला जाऊन आता काही आठवडे झालेत, आणि त्याच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात रीगापासूनच करायला हवी.

ऐंशीच्या दशकात मी नागपूरहून सोव्हिएत स्कॉलरशिपवर, तेव्हा सोव्हिएत असलेल्या लॅटव्हियात, रीगाला डॉक्टर व्हायला गेले. आमच्या अख्ख्या वस्तीतून परदेशी शिकायला गेलेली मी पहिलीच. पहिल्या हिवाळ्यात इतकी रडायचे की रूममेट मला ओढत होस्टेलच्या तळघरात घेऊन गेली, कारण अख्ख्या इमारतीत ऊब फक्त तिथल्या बॉयलरजवळ. तिथं चार पोरं गिटार आणि ड्रम घेऊन बसलेली, आणि बॉयलरच्या पाइपावर सगळ्यांचे भिजलेले बूट वाळत घातलेले. बँडचं नाव त्यावरूनच पडलं होतं, ‘ओले बूट’. बँड काढला होता आंद्रिसनं. हडकुळा, लांब मानेचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याची इलेक्ट्रिक गिटार त्यानं स्वतः बनवली होती. लाकूड एका मोडक्या टेबलाचं आणि आवाज पकडणारा भाग सार्वजनिक टेलिफोनच्या रिसीव्हरमधून काढलेला. “रस्त्यावरचा फोन बंद असला की समजायचं, शहरात कुठेतरी नवा बँड निघालाय,” असं तो अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. माझं नाव त्यानं होस्टेलच्या दारावर लॅटव्हियन पद्धतीनं, ‘ज’चा ‘य’ करून वाचलं, आणि शेवटपर्यंत मी त्याच्यासाठी ‘सुयाता’च राहिले.

एकदा तालमीत मी आपल्याच नादात आईनं रचलेला भीमाचा पाळणा गुणगुणत होते. आई शाळेत गेलेली नव्हती, पण जयंतीला वस्तीतल्या सगळ्या बायका तिचेच पाळणे म्हणायच्या. आंद्रिसनं वाजवणं थांबवलं. “हे काय आहे?” मी मोडक्यातोडक्या रशियनमध्ये सांगितलं की आमच्या लोकांना ज्यानं माणसात आणलं, त्याच्या जन्माचं गाणं आहे. तो गिटार सरसावून बसला. मग म्हणाला, “परत म्हण. हळू.” दुसऱ्या आठवड्यात त्या पाळण्याला ड्रम होते, बेस होता, आणि दोन कडव्यांच्या मध्ये आंद्रिसची गिटार अशी काही रडून हसायची की आई ऐकती तर आधी त्याला रागावली असती आणि मग जेवायला बसवलं असतं. आम्ही ते टेपवर घेतलं. तेव्हा असली गाणी दुकानात मिळत नसत. एक टेप दुसऱ्या टेपवर उतरवायची, ती तिसऱ्यावर. बघता बघता आमचा पाळणा रीगातल्या होस्टेलांमधून फिरायला लागला.

मग आंद्रिस ज्याची वर्षानुवर्षं वाट बघत होता ते आलं, मोठ्या हॉलमध्ये, खऱ्या स्टेजवर वाजवायचं बोलावणं. पण तिथं गायच्या प्रत्येक गाण्याचे शब्द आधी सांस्कृतिक खात्याकडून मंजूर करून घ्यावे लागत. तिथला अधिकारी म्हणाला, “बाकी ठीक आहे. हे न समजणाऱ्या भाषेतलं गाणं नको, आणि ती परदेशी मुलगीही नको.” मी आंद्रिसला म्हटलं, “मला वगळ. तू ह्या दिवसासाठी किती राबलायस!” त्यानं फक्त मान हलवली. मला वाटलं, पटलं त्याला.

कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसले होते. मंजूर गाणी झाली. टाळ्या थांबल्यावर आंद्रिस माइकपासून लांब सरकला आणि एकही शब्द न बोलता त्यानं पाळण्याची चाल वाजवायला घेतली. आणि लोक गायला लागले! आधी होस्टेलची पोरं, मग सगळा हॉल. मराठीत! अर्थ कुणाला माहीत नव्हता, ‘ळ’ एकालाही जमत नव्हता, बाळाचं ‘बाला’ झालं होतं... पण माझ्या आईचे शब्द होते ते. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होते.

दुसऱ्याच दिवशी बँडवर बंदी आली. चौकशीला मलाही बोलावलं. स्कॉलरशिप काढून घरी पाठवणार हे मी धरूनच चालले होते. पण माझ्याआधी आंद्रिस तिथं जाऊन सांगून आला होता, “गाणं मी तिच्या नकळत टेपवर घेतलं. तिचा काहीही संबंध नाही.” मला नुसती समज दिली. त्याला कॉलेजातून काढलं. मी डॉक्टर झाले तेव्हा तो एका कारखान्याच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकत होता. रीगाहून निघताना मी विचारलं, “का केलंस?” तर म्हणतो, “सुयाता, असा कोरस परत कुठे मिळणार होता मला?”

पुढे तो सोव्हिएत देशच राहिला नाही, मी नोकरीसाठी इकडे एजवेअरजवळ आले आणि आमचा संपर्कही तुटला. लॅटव्हियातल्या लोकांना इकडे काम करायची मुभा मिळाल्यावर इल्झे एडिनबराला आली, पाठोपाठ तो. इल्झेनं मला इंटरनेटवर शोधून काढलं. त्या वर्षी आमच्या एजवेअरच्या जयंतीला तो गिटार घेऊन आला. कमिटीतले कांबळेकाका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अहो डॉक्टर, हा गोरा माणूस काय वाजवणार आपल्यात?” वाजवून झाल्यावर तेच काका त्याचा हात सोडेनात. माझा मुलगा रोहन तेव्हा शाळेत होता, इकडेच वाढलेला, मराठी मोडकंच. “आई, हा आजीची गाणं आहे? हा अंकलला कसं माहिती?” मी त्याला घरी जाताना ट्यूब रेल्वेमध्ये सगळं सांगितलं, आणि कधी नव्हे ते त्यानं फोन खिशात ठेवून ऐकलं.

अंत्यसंस्कारानंतर आम्ही एडिनबराच्या त्याच्या फ्लॅटवर जमलो. रीगाहून जुना ड्रमर युरिस आला होता, आता पार टक्कल पडलेला. इल्झेनं चहा केला. मग मीच पाळणा म्हणायला लागले, आधी हळू, मग मोकळ्या आवाजात. पहिलं कडवं संपलं, जिथं आंद्रिसची गिटार यायची ती जागा आली, आणि सगळे थांबलो... तेवढ्यात पायाखालून, जमिनीतून ठक, ठक, ठक. मी दचकून इल्झेकडे पाहिलं. “खालच्या मजल्यावरच्या मोराग,” ती म्हणाली. “नव्वदीच्या आहेत, जिना चढवत नाही. पप्पा सकाळी हाच पाळणा वाजवायचे तेव्हा पहिल्यांदा त्या काठीनं छत ठोकून ओरडायच्या, महापालिकेकडे तक्रारही केली होती. पप्पांनी त्या ठोक्यांवरच ताल धरला. मग रोजचंच झालं ते. ते वाजवायचे, त्या खालून ठोकायच्या.”

काठी थांबली नव्हती. युरिसनं चहाचा कप बाजूला ठेवला, टेबलावर बोटांनी तोच ताल उचलला, आणि मी दुसरं कडवं घेतलं.