यापुढे

सगळं हॉस्पिटल तिला फौजदारीण म्हणायचं. तोंडावर नव्हे अर्थात, तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? बाळंतिणींच्या वॉर्डात ती मुख्य नर्स होती. नळाला पाणी नाही, पंखा बंद पडलाय, चादरी धुवून आल्या नाहीत, असं काही झालं की बाई तडक अधीक्षकांच्या खोलीत. अधीक्षक तसे भले गृहस्थ, पण तिच्या चपला वाजल्या की मागच्या दाराने फेरीवर निघून जायचे म्हणे. खोटं नसावं.

असली बाई निवडणुकीला उभी राहिली ती हौसेने नाही. आधीचे आमदार अचानक गेले, पक्षाला घाईघाईत ओळखीचा चेहरा हवा होता, आणि त्या भागातली निम्मी पोरं हिच्या हातावर जन्मलेली. पक्षाच्या लोकांना वाटलं, नर्सबाई आहे, कोपऱ्यात बसेल, सांगितलं की हात वर करेल. त्यांनी विकतचं दुखणं घेतलं होतं, पण हे कळायला त्यांना दोन महिने लागले. पहिल्याच दिवशी सभागृहात घंटा वाजली तशी ती ताडकन उठून दाराकडे निघाली. शेजारचा आमदार हसून म्हणाला, "अहो बाई, ही घंटा बसायची आहे." ती म्हणाली, "आमच्याकडे घंटा वाजते तेव्हा कोणीतरी मरायला टेकलेलं असतं."

उभं राहायला ती 'हो' म्हणाली होती एकाच कारणासाठी. ते कारण तिच्याच घरात, मागच्या खोलीत राहत होतं. तिची सख्खी बहीण, धाकटी.

आईवडील लवकर गेले, तेव्हापासून धाकटीचं सगळं तिनेच केलं. वेण्या घातल्या, अभ्यास घेतला, लग्न लावून दिलं. धाकटी सासरच्या गावी बाळंत झाली, मुलगी झाली, आणि त्यानंतर तिची झोपच उडाली. मग अन्न सुटलं. मग ती भिंतीशी बोलायला लागली, हे बाळ माझं नाही, माझं बदललंय, असं म्हणायला लागली. बाळंतपणानंतर असं होतं कधीकधी, आणि औषधपाण्याने बरंही होतं. फौजदारीणबाईंनी अशा कितीतरी बायका पाहिल्या होत्या. पण तिथल्या हॉस्पिटलात तिच्यासारखं कोणी नव्हतं. तिथे धाकटीला झोपेच्या गोळ्या दिल्या आणि बालकल्याण खात्याला कळवलं. सासूने मान डोलावली, नवऱ्याने हात वर केले. धाकटी उठली तेव्हा पाळणा रिकामा होता.

सहा-सात महिन्यांत ती ठणठणीत बरी झाली. बाळ मात्र कुठल्यातरी सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे दिलेलं. धाकटी खात्याचे उंबरठे झिजवत राहिली. तिचं मागणं फार मोठं नव्हतं. "मला एकदा न्यायाधीशासमोर उभं करा," ती म्हणायची. "मी कशी आहे ते त्यांनी बघावं, मला विचारावं. मग ते नाही म्हणाले तर नाही." खात्यातली बाई गोड आवाजात सांगायची, "आम्हाला बाळाचं हित बघावं लागतं." आईला विचारलंच पाहिजे असं कुठल्याच कायद्यात नव्हतं, त्यामुळे कोणी विचारलं नाही.

नवऱ्याने सोडल्यावर धाकटी ताईकडे राहायला आली आणि हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला लागली. तिथे मुलांच्या वॉर्डातले झगे घड्या घालताना एखादा हातात धरून म्हणायची, "आता हा बसत असेल तिला." काही महिने गेले की मोठ्या मापाचा झगा धरायची. बरोबरच्या बायका मान खाली घालून आपापलं काम करायच्या. वर्षअखेरीला ती मुलगी त्या कुटुंबाला कायमची द्यायचं खात्याने ठरवलं होतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

तर आमदार झाल्यावर फौजदारीणबाईंनी एकच विधेयक हाती घेतलं. त्यात तीन गोष्टी होत्या. प्रत्येक मोठ्या सरकारी हॉस्पिटलात अशा आजारी आयांसाठी खाटा, बाळ शेजारी ठेवून. न्यायाधीशासमोर तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय कुठल्याही आजारी आईचं बाळ हलवायचं नाही. आणि ज्यांची बाळं आधीच गेली, त्यांनाही एकदा सुनावणी मागता येईल. हे तिसरं कलम धाकटीचं. बाईंनी ते लपवलं नाही. धाकटीला विचारून तिची सगळी कहाणी सभागृहात सांगितली. सांगताना तो वॉर्डभर घुमणारा आवाज दोनदा फुटला.

त्यानंतर सुरू झाले खेटे. वित्त खातं म्हणालं आरोग्याकडे जा, आरोग्य म्हणालं न्याय खात्याकडे जा. खुर्च्यांवर बसून बसून पाठ मोडली. पण बाई चिवट. समितीपर्यंत विधेयक आलं तेव्हा खुद्द विरोधकही म्हणायला लागले की, बाईने घाम गाळलाय.

समितीत समोर बसायचे वकीलसाहेब. विरोधी बाकावरचे जुने आमदार, मऊ बोलणारे. मऊ बोलणाऱ्या माणसापासून जपून असावं, हे बाईंना वॉर्डाने शिकवलं नव्हतं. वॉर्डात सगळे ओरडायचे. वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, खाटा हव्यात, सुनावणीही हवी. माझा प्रश्न एवढाच, हा कायदा लोकांसाठी आहे की बहिणीसाठी?"

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य सगळ्या वर्तमानपत्रांत. आठवड्यात निम्मे आमदार मागे सरकले. मग बाईंच्याच पक्षाचा प्रतोद, म्हणजे कोणी कुठे मत द्यायचं हे सांगणारा माणूस, तिच्या खोलीत येऊन बसला.

"एक शब्द घालू," तो म्हणाला. "यापुढे. यापुढच्या प्रकरणांनाच कायदा लागू. म्हणजे तुमच्या बहिणीला काही मिळत नाही, आणि सगळ्यांची तोंडं बंद."

"आणि नाही घातला तर?"

"तर विधेयक बासनात. खाटांचे पैसेही परत. पुढच्या वर्षी तुम्ही इथे असाल की नाही, देव जाणे."

तिने विचार केला नाही असं नाही. एका पारड्यात कुठल्या कुठल्या गावांत बाळंत होणार असलेल्या शेकडो बायका आणि दुसऱ्यात एकटी धाकटी. कसंही तोललं तरी पारडं एकाच बाजूला झुकत होतं. तिने होकाराची मान हलवली. मग प्रसाधनगृहात जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

मतदानाला आठवडा होता. रोज संध्याकाळी दोघी बहिणी समोरासमोर बसून जेवायच्या. रोज बाई ठरवायची की, आज सांगायचं. आणि रोज धाकटी आधीच बोलायला लागायची. न्यायाधीशासमोर कुठले कपडे घालू, रडले तर वाईट दिसेल का, मुलीला आणतील का तिथे. एकदा तर बाईने तोंड उघडलंही, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताई, तू आहेस म्हणून गं." मग बाईने विचारलं, "अजून वाढू का?" वॉर्डात मेलेल्या बाळांची बातमी आयांना सरळ नजरेला नजर देऊन सांगणारी ही बाई. घरात तिची जीभ रेटली नाही. भ्याली ती, दुसरं काही नाही.

मतदानाच्या दिवशी धाकटी प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत होती, इस्त्रीचे कपडे घालून. खाली सचिव वाचत होते, "या अधिनियमातील तरतुदी यापुढे उद्भवणाऱ्या प्रकरणांनाच लागू राहतील." कायद्याची ती भाषा कोणाला कळते? वाचणाऱ्यालाही कळत असेल की नाही, शंका आहे. 'होय'चा एकच गजर झाला, विरोधी बाकांवरूनसुद्धा. वकीलसाहेबांनी बाक वाजवला. सज्जात लोक उभे राहिले, आणि सगळ्यांत जास्त टाळ्या धाकटीने वाजवल्या.

ती धावतच खाली आली. बाईच्या भोवती माणसांचा गराडा होता, कोणी हात हातात घेत होतं, कोणी फोटो काढत होतं. धाकटी वाट काढत पुढे आली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, मग माझी तारीख कधी लागेल?"

प्रतोदाने खिशातला फोन काढून उगाचच कानाला लावला.

"घरी बोलू," बाई म्हणाली.

घरी बोलली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळं सांगितलं. वकीलसाहेबांचा प्रश्न, प्रतोदाचा निरोप, तो एक शब्द, त्या खाटा, त्या सगळ्या बायका. बोलता बोलता तिचा आवाज कधी सभागृहातल्यासारखा झाला, ते तिलाही कळलं नाही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. धाकटी ऐकत होती.

सगळं संपल्यावर तिने विचारलं, "हे कधी ठरलं?"

"गेल्या आठवड्यात."

"म्हणजे रोज जेवायला बसायचो, तेव्हा तुला माहीत होतं."

"अगं, मी सांगणार होते. तू किती आशेने..."

"मी कदाचित हो म्हटलं असतं," धाकटी म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "त्या बायकांसाठी. मला काय कळत नाही का, कसं वाटतं ते? कदाचित नसतंही म्हटलं. पण मागच्या वेळी मी गोळ्या खाऊन झोपलेली होते. या वेळी जागी होते. इथेच, या टेबलाशी बसलेली. तुम्ही विचारायचं होतंत."

जन्मापासून हिच्या तोंडी ताईसाठी 'तू'च होतं. लहानपणी भांडताना, लग्नात रडताना, आजारपणात वाट्टेल ते बरळतानासुद्धा.

"तुम्ही?" तिने विचारलं. "तुम्ही म्हणजे कोण गं?"

धाकटीने उठून खुर्ची नीट आत सरकवली. धुलाईघरातली रात्रपाळी सुरू व्हायची होती.

"तुम्ही," ती म्हणाली. "ज्यांना ठरवता येतं ते."

आणि ती कामावर निघून गेली.